अध्यासन नाकारलेली विद्या

अमुक विषय घेऊन पदवी मिळविली तर पुढे चरितार्थाचे काय, हा प्रश्न पालक शिक्षकांस नेहमी विचारतात. यहुदी इतिहास व संस्कृती यांच्या विद्यापीठीय अभ्यासाची कथा या दृष्टीने मननीय आहे.

१८१९ साली बर्लिन येथे काही यहुदी तरुणांनी एक मंडळ स्थापिले. ग्रीक-लॅटिन वाङ्मयाप्रमाणेच आपल्या वाङ्मयाचीही शास्त्रशुद्ध चिकित्सा व्हावी, हा त्यांचा हेतू. त्यांत लिओपोल्ड त्सुन्झ होते, हेगेलचे शिष्य एडुआर्ड गान्स होते. पुढे कवी हाइनेही येऊन मिळाले. परंतु १८२२ मध्ये प्रशियाच्या सरकारने यहुद्यांस अध्यापकपदाचे दार बंद केले, आणि १८२४ मध्ये मंडळ मोडले. गान्स यांनी १८२५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढील वर्षी ते प्राध्यापक झाले. त्सुन्झ यांनी स्वधर्म सोडला नाही. यहुदी प्रवचनपरंपरेचा इतिहास त्यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केला, पुढे शिक्षकांचे अध्यापनविद्यालय चालविले, आणि १८४८ मध्ये बर्लिन विद्यापीठात या विषयाचे अध्यासन मागितले. ते नाकारले गेले.

तेव्हा समाजाने स्वतःच्या संस्था काढल्या: ब्रेस्लाऊ येथे १८५४ मध्ये, बर्लिन येथे १८७२ मध्ये. मोरित्स श्टाइनश्नायडर यांनी मात्र अशा संस्थेतील पद स्वीकारले नाही. या विद्येचे स्थान विद्यापीठात आहे, वेगळ्या कुंपणात नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील हिब्रू ग्रंथांची सूची करणारा हा महापंडित बर्लिनमध्ये मुलींच्या शाळेचा मुख्याध्यापक म्हणून वीस वर्षांहून अधिक काळ राबला. आमच्या व्यवसायास याहून मोठा मान कोणता?

श्टाइनश्नायडर १९०७ मध्ये वारले. पुढे १९२५ मध्ये जेरुसलेमचे हिब्रू विद्यापीठ उघडले. त्याच वर्षी हार्वर्ड येथे हॅरी वुल्फसन अध्यासनावर आले, तर १९३० मध्ये कोलंबिया विद्यापीठात सालो बॅरन. इकडे जर्मनीत नाझी राजवटीत ब्रेस्लाऊची संस्था १९३८ मध्ये व बर्लिनची १९४२ मध्ये बंद पडली. त्याच देशात पॉट्सडॅम येथील सरकारी विद्यापीठात यहुदी धर्मविद्येचा स्वतंत्र विभाग उघडण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

आज या विषयाचे पदवीधर अध्यापन, दप्तरखाने, संग्रहालये, ग्रंथसूची व भाषांतर या क्षेत्रांत काम करतात. त्यांतील एक दालन तर मराठीवाचून उघडणारच नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजासाठी वल्हांडण सणाचा हिब्रू-मराठी विधिग्रंथ १८४६ मध्येच मुंबईत छापला गेला. हाईम केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला या समाजाचा इंग्रजी इतिहास मात्र चाळीस वर्षे अप्रकाशित राहून १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. मराठी जाणणारा विद्यार्थी तेथे हवाच आहे.

विद्या आधी जगते ती निष्ठेवर. अध्यासन मागाहून येते. तथापि त्या निष्ठेस अन्न पुरविणे हे समाजाचे कर्तव्य आहे, आणि महाराष्ट्राबाहेर मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हां सर्वांस हे निराळे सांगावयास नको.