रात्रीत बॅटरी खातं कोण?

१९७६ साली, पंधराव्या वर्षी, मी पुण्यात नाना पेठेत एका उस्तादांच्या हाताखाली लागलो. दुकानाच्या पाटीवर ‘डायनॅमो, सेल्फ, वायरिंग’ एवढंच. पहिल्याच आठवड्यात एक फियाट धक्का मारत आणली. मालक म्हणाले, “रोज सकाळी बसते. नवी बॅटरी टाकून द्या.” उस्तादांनी दुकानातली चार्ज केलेली बॅटरी लावली, इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं आणि चहा सांगितला. अर्ध्या तासाने माझा हात धरून डायनॅमोवर ठेवला. इंजिन निवत चाललं होतं आणि डायनॅमो चटका देत होता. “बंद गाडीत हा कशासाठी तापतोय, सांग.”

मला सांगता आलं नाही. त्यांनी कट-आऊटचं झाकण काढलं. काळी डबी, आत तांब्याची गुंडाळी आणि दोन बारीक पॉइंट. इंजिन फिरतं तोवर पॉइंट जुळलेले, डायनॅमो बॅटरीला भरतो. इंजिन थांबलं की पॉइंट सुटले पाहिजेत, नाहीतर करंट उलटा फिरतो आणि बॅटरीच डायनॅमोला फिरवायला बघते. पट्ट्याने इंजिनाला बांधलेला तो फिरणार कसा? नुसता तापत बसतो. या गाडीचे पॉइंट ठिणगीने एकमेकांना चिकटले होते. उस्तादांनी ते सोडवले, कानसपट्टीने साफ केले, मधलं अंतर बसवलं. बॅटरी जुनीच राहिली.

माझ्या धंद्याचा इतिहास मला इथूनच सांगावासा वाटतो, कारण बॅटरी उतरण्याचं दुखणं तेच राहिलं, फक्त चोराची लपायची जागा बदलत गेली. शिसे आणि आम्लाची बॅटरी १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने केली. पण गाडी हँडल मारून चालू होत होती तोवर ती उतरली म्हणून कुणाचं फारसं अडत नव्हतं. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ आला आणि गाडीची सकाळ बॅटरीच्या हवाली झाली. आमच्याकडच्या जुन्या गाड्यांना हँडलची सोय असे, त्यामुळे मालक आधी घाम गाळायचे आणि मग वायरमनकडे यायचे.

मी शिकत होतो तेव्हाच्या बॅटऱ्या काळ्या कडक रबराच्या, वरून डांबर ओतलेल्या. उस्ताद सहाही सेलमध्ये हायड्रोमीटर बुडवत. पाच सेल १२५०च्या रेषेला आणि एकच खाली, तर दोष बॅटरीच्या पोटात. सगळे सारखेच उतरलेले, तर एक तर चार्जिंग होत नाही, नाहीतर बाहेर कुणीतरी खातंय. ही एक परीक्षा ज्याला येत होती त्याने गिऱ्हाइकाचे पैसे वाचवले. पावसाळ्यात तर आम्लाच्या ओलीवर धूळ बसून बॅटरीच्या पाठीवरूनच करंट पाझरायचा. तिथे औषध एकच, धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी.

मग टेस्ट लॅम्प. बॅटरीची अर्थची वायर सोडवायची आणि वायर व खांब यांच्यामध्ये बल्ब धरायचा. चावी काढलेली, दारं बंद, आणि तरी बल्ब लागला तर लीकेज आहे. उस्तादांकडे दोन होते, २१ वॅटचा आणि ३ वॅटचा. मोठा भगभगला तर सरळ शॉर्ट, छोटा तांबूस दिसला तर कुठेतरी थोडं थोडं जातंय. मग चिनीमातीचे फ्यूज एकेक काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्याच वाटेवर चोर.

डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. अमेरिकेत क्रायसलरने १९६० साली व्हॅलियंटमध्ये बसवला होता, पण आमच्या गल्लीत त्याचं राज्य डिसेंबर १९८३ला मारुती ८०० निघाल्यावर हळूहळू सुरू झालं. कट-आऊट गेला, डायोड आले. डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतो. एखादा शॉर्ट झाला तर रात्री गळती होते, पण दिवसा चार्जिंग कमी का होईना, चालू असतं, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही. अल्टरनेटरची जाड वायर सोडवल्यावर टेस्ट लॅम्प विझला की कळायचं.

नव्वदीनंतर टेप, सेंट्रल लॉक, सायरन. जो तो मिळेल तिथून वायर उचलत होता. या काळातली एक गाडी मी विसरणार नाही. एका डॉक्टरांची होती, वर्षात तिसरी बॅटरी. रात्री पेशंटकडे निघायचं आणि सेल्फ टकटक करायचा. मीटरवर ४०० मिलिअँपियर येत होते. मी हिशेब केला, ५ वॅटचा एक बल्ब जळत असणार. ३५ अँपियर-अवरची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी. दिसत मात्र काहीच नव्हतं. शेवटी मी डिकीत शिरलो, गुडघे पोटाशी घेतले आणि पोराला झाकण लावायला सांगितलं. झाकण लागलं तरी माझ्या मनगटावर पिवळा उजेड होता. डिकीच्या दिव्याचा स्विच दबतच नव्हता.

आताच्या गाडीत टेस्ट लॅम्पचा बल्ब निरुपयोगी. बंद गाडीत पन्नासेक मिलिअँपियरपर्यंत करंट चालणं हा दोष मानत नाहीत, आणि तेवढ्यावर ३ वॅटचा बल्बही दिसण्यासारखा लागत नाही. बॉशने १९८६ साली कॅन ही जोडणी मांडली, आणि पुढे गाडीतले इलेक्ट्रॉनिक डबे एकमेकांशी बोलू लागले. चावी काढल्यावर ते लगेच झोपत नाहीत. फ्यूज उपटला की परत बसवताना जागे होतात, म्हणून मी फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट बघतो. ज्यातून करंट वाहतोय तो तिथे बोलतो.

परवा एक गृहस्थ आले. टूरिस्ट गाडी, नंतर लावून घेतलेला ट्रॅकर, चार दिवस उभी राहिली की बंद. मी मीटर जोडला, दाराचं कुलूप पेचकसाने लावून गाडीला दार बंद असल्याचं भासवलं आणि स्टूल घेऊन बसलो. सुरुवातीला तीन अँपियर, मग पाऊण, मग तीनशे मिलिअँपियरवर अडला. पस्तीस मिनिटं झाली होती. गृहस्थ उठले, त्यांचा चष्मा पुढच्या सीटवर राहिला होता. त्यांनी हँडलला हात घातला आणि मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. “थांबा साहेब, आत्ता दार उघडलंत तर पुन्हा पहिल्यापासून.”