पोटासाठी की मनासाठी? आपल्या परिसरातील श्रद्धेच्या वाटा



'पाटस परिसराचा इतिहास' यावर काहीतरी लिहा, असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सांगितले. नागेश्वराचे देऊळ, साखर कारखाना, रेल्वे आणि सोलापूर रस्ता यांवर इतर मित्र लिहीत आहेत. म्हणून मी थोडा अवघड विषय घेतला आहे. आपल्या भागातील ख्रिस्ती माणसे त्यांच्या श्रद्धेपर्यंत कशी पोहोचली, हा तो विषय.

आपण शाळेत होतो तेव्हा पारावर, एस.टी.त, बाजारात दोन शब्द सहज कानावर पडत : "पोटासाठी बाटले." बोलणाऱ्याच्या मनात फारसा राग नसे. जणू हवामानाची माहिती द्यावी, तसे ते बोलले जाई. पुढे अनेक वर्षे इतिहास शिकवताना हे दोन शब्द माझ्या मनातून गेले नाहीत. ते खरे आहेत की नाहीत, हे तपासायला फार लांब जावे लागत नाही. पाटस स्टेशनवरून पुण्याकडे जाणारी गाडी पकडली की कडेठाण आणि त्यापुढे केडगाव. तेथेच पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ते गाडीच्या खिडकीतूनच पाहिले असेल.

रमाबाईंच्या आयुष्यात भूक आणि श्रद्धा यांचा हिशेब अगदी उलटा मांडलेला दिसतो. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. आईने तेच रमाबाईंना शिकवले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. १८७० नंतरच्या दुष्काळात त्यांच्याजवळचे सगळे संपले. नवस, उपास, दानधर्म काही चुकले नव्हते. तरी वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच काळात गेली. उरलेले भाऊ-बहीण अनवाणी, अर्धपोटी हिंडत राहिले. खरी उपासमार होती ती या वर्षांत, आणि त्या वर्षांत रमाबाईंनी धर्म बदलला नाही.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. मान होता, नाव होते. पण धर्मशास्त्रे वाचता वाचता स्त्री आणि शूद्र यांच्या वाट्याला काय आले आहे, हे पाहून त्यांचे मन उखडू लागले. भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न झाले आणि १८८२ मध्ये तेही वारले. पदरात लहानगी मनोरमा होती. त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची मागणी केली. पुण्याने त्यांना डोक्यावर घेतले होते.

याच टप्प्यावर त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पोटासाठीच बदलायचे असते तर याहून अडचणीची वेळ त्यांना सापडली नसती. मिळालेला मान एका दिवसात गेला. त्यांच्या बाजूने ठामपणे लिहिणाऱ्या थोड्या लोकांत महात्मा जोतीराव फुले होते. १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंचा निर्णय समजून घेतला.

बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या कोणाच्या ताब्यात गेल्या नाहीत. जेथे आसरा मिळाला त्या मठातील भगिनींशी त्यांनी पत्रांतून कडाडून वाद घातला. पटल्याशिवाय कोणत्याही चर्चचा शब्द मान्य करणार नाही, ही त्यांची भूमिका होती. शाकाहार त्यांनी सोडला नाही, पांढरी साडी सोडली नाही. आपला खरा आध्यात्मिक पालट बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी झाला, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे ही वाट एका पाण्याच्या शिंतोड्यात संपणारी नव्हती.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहू. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. अमेरिकेतून मिळणारा पैसा या अटीवर होता की, सदनात धर्माची सक्ती होणार नाही. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन जाऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात वादळ उठले. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. विश्वासाने पाठवलेल्या विधवा मुलींच्या पालकांचा राग अगदीच निराधार होता, असे मी म्हणणार नाही. उघडे दारही एक प्रकारचे बोलावणेच असते.

पण त्याच सदनातील पहिली विद्यार्थिनी आठवा. गोदूबाई जोशी ही बालविधवा. चार वर्षे ती रमाबाईंच्या हाताखाली शिकली, हिंदूच राहिली, आणि १८९३ मध्ये तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. महर्षी कर्व्यांच्या आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे, त्या याच. एकाच दारातून एक मुलगी एका वाटेने गेली, दुसरी दुसऱ्या वाटेने.

केडगावची जमीन रमाबाईंनी फळबागेसाठी घेतली होती. सुमारे १०० एकर माळ, विहिरी खणून ओलिताखाली आणायचा बेत होता. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. स्वतः उपासमार भोगलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. प्लेगच्या दिवसांत पुण्यात इतक्या मुली ठेवणे शक्य नव्हते, म्हणून त्या केडगावच्या माळावर आणल्या गेल्या. मग गुजरातचा दुष्काळ आला. १९०० च्या सुमारास येथे सुमारे २,००० जणी होत्या.

या मुलींना येथे भुकेने आणले, यात शंकाच नाही. दहा वर्षांच्या अनाथ मुलीला धर्म निवडायचे स्वातंत्र्य किती असते, हा प्रश्नही खराच आहे. शारदा सदनापेक्षा मुक्तीचे स्वरूप उघडपणे ख्रिस्ती होते. म्हणून 'पोटासाठी' हे शब्द सुरुवातीपुरते खरे आहेत. पण पोट भरल्यानंतरच्या आयुष्याविषयी ते काहीच सांगत नाहीत.

पुढे काय झाले ते पाहा. या मुली वाचायला शिकल्या, विणकाम, शिवणकाम, शेती, दूधदुभते पाहू लागल्या. अंधांना ब्रेल शिकवले गेले. फसवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायका होत्या. घरोघरच्या बायकांना वाचता यावे अशा सोप्या मराठीत बायबल करण्यासाठी रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल केडगावातच छापून झाले. आपल्या दौंड तालुक्यात, बायकांच्या हातांनी. आपल्या एकाही पाठ्यपुस्तकात हे वाचल्याचे मला आठवत नाही.

दौंडहून मनमाडकडे जाणारी गाडी आपल्याला नगरला नेते. तेथे दुसरी वाट भेटते. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कोकणातले ब्राह्मण, कवी. १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशाशी झालेल्या बोलण्यातून त्यांचे वाचन सुरू झाले आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत म्हणजे घर मोडले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. नवऱ्याने सांगितले म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. मग माणसामाणसांत उच्चनीच देवाने केलेले नाही, हे त्यांचे त्यांना पटले आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःचा निर्णय घेतला. हे सारे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त इतक्या हसत-रडत लिहिले आहे की, घरात एक प्रत असावीच.

टिळक म्हणत की, ते तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांपाशी पोहोचले. पाटसकरांना हे समजायला कठीण नाही. तुकोबांची पालखी दरवर्षी चौफुल्यावरून, वरवंडवरून आपल्या गावात येते आणि रोटी घाट चढून बारामतीकडे जाते. शाळेला सुट्टी देऊन आपण वारकऱ्यांना पाणी वाटायला उभे असायचो. त्याच चौफुल्यावरून एक फाटा केडगावकडे वळतो.

टिळक-रमाबाईंची नावे राहिली, कारण ते लिहिणारे होते. नगर जिल्ह्यातील आणि आपल्या बाजूची बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे मात्र गावकुसाबाहेरची. त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, शाळेत बाहेर बसावे लागे. मिशनच्या शाळेत मुलाला पाटी मिळाली, नावाने हाक मारली गेली. ज्याला पाणीच नाकारले, त्याने पाणी देणाऱ्याकडे पाहिले तर त्याला नुसते पोट म्हणायचे का? १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हाही प्रश्न माणूस म्हणून जगण्याचा होता.

शेवटी एक वाट आपल्या काळातली. पुण्यात नोकरीला असताना माझ्या शेजारी एक सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट कुटुंब होते. हा पंथ १८६३ मध्ये अमेरिकेत संघटित झाला. ख्रिस्त पुन्हा येणार ही त्यांची आशा, आणि आठवड्याचा सातवा दिवस, म्हणजे शनिवार, हा त्यांचा विसाव्याचा व उपासनेचा दिवस. पुण्यात सॅलिसबरी पार्कमध्ये त्यांचे ओरिएंटल वॉचमन प्रकाशनगृह आहे. १९४२ मध्ये बंगळूरजवळून पुण्यात आलेले स्पायसर महाविद्यालय आज विद्यापीठ आहे. पुणेकरांना ते ब्रेड आणि शेंगदाण्याच्या लोण्यामुळेही माहीत असते. दारू, तंबाखू वर्ज्य. अनेक जण शाकाहारी. आपल्याकडच्या माळकऱ्याला हे पथ्य ओळखीचे वाटेल.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत शेजारच्या वहिनींचा दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक उरकलेला असे. शनिवारी सकाळी आपली शाळा भरायची, कवायत व्हायची. त्यांच्या मुलांची दरवर्षी शनिवारच्या परीक्षेवरून ओढाताण होई. शेजारचे भाऊ एका कारखान्यात होते. बढती आली ती शनिवारच्या पाळीसह. त्यांनी ती घेतली नाही. मी त्यांना म्हणालो, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे." ते म्हणाले, "म्हणूनच. एवढा एकच दिवस तर देवाने मागितलाय." त्यांच्या आजोबांनी काय पाहून हा पंथ धरला, ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हते. पण नातू दरमहा पगारातून त्याची किंमत मोजत होता. पोटासाठी आलेल्या श्रद्धेचे असे होत नाही. ती पोट भरले की विरून जाते.

तेव्हा त्या दोन शब्दांविषयी माझे म्हणणे एवढेच. माणूस एखाद्या दाराशी भुकेने येतो, दुःखाने येतो, अपमानाने येतो किंवा एखाद्या पुस्तकाने येतो. तो का आला यावरून तो का राहिला हे कळत नाही. राहण्याचे कारण त्याचे त्यालाच विचारावे लागते, आणि आपण ते कधी विचारले नाही. आपल्या वर्गातही अशा घरांतली मुले होती. नाताळात त्यांच्या घरचा फराळ आपण खाल्ला, पण त्यांच्या आजी-आजोबांची गोष्ट ऐकली नाही.

एक सूचना करतो. पुढच्या मेळाव्याच्या आधी आपण एक दिवस केडगावला जाऊ या. आणि आपल्या बॅचमधील ज्या मित्रांच्या घरात अशी गोष्ट असेल, त्यांनी ती घरातल्या वडीलधाऱ्यांकडून उतरवून घ्यावी. त्या पिढीतली माणसे आता फार थोडी उरली आहेत. पुढच्या स्मरणिकेत या लेखाच्या जागी त्यांचे लेख असावेत, अशी माझी संपादक मंडळाला विनंती आहे.