हसू प्रेक्षकांचे, मजुरी कोणाची?



कुस्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तांबडी माती आणि आखाड्यातला मारुती उभा राहतो. अमेरिकेतील धंदेवाईक कुस्ती याहून निराळी. तिचा निकाल आधी ठरलेला असतो. आपण जिला नुरा कुस्ती म्हणून हिणवतो, ती तिथे राजरोस करमणूक आहे. मल्लांमध्ये वैर का जुंपले याची गोष्ट रचतात आणि ती दूरचित्रवाणीवर आठवड्यामागून आठवडे चालवतात. मात्र अंग आपटते ते खरे आणि हाड निखळते तेही खरे. या धंद्यात बायकाही आहेत व त्यांच्या वाट्याला पुष्कळदा विनोदी कथानके येतात. या विनोदाने त्यांच्या कुस्तीचे भले झाले की वाटोळे, हा आजचा प्रश्न.

प्रथम एक समजूत दूर करू. विनोद वगळला की मान आणि दाम दोन्ही मिळतात, असे घडलेले नाही. मिल्ड्रेड बर्क ही १९३७ पासून अजिंक्य म्हणून गाजलेली बाई. जत्रांतून ती पुरुषांशीही लढली. तिच्या कुस्तीत थिल्लरपणा नव्हता. परंतु तिचा नवरा बिली वुल्फ हाच तिचा व्यवस्थापक, आणि इतर कुस्तीगीर बायकांना कामे देणारा ठेकेदारही तोच. दोघांचे फाटले तेव्हा धंद्याच्या नाड्या त्याच्या हाती होत्या आणि मिल्ड्रेडला काम मिळणे दुरापास्त झाले. लौकिक तिचा होता. रोजगार दुसऱ्याच्या मुठीत होता.

आता विनोदाची बाजू पाहू. १९८४ साली सिंडी लॉपर ही गाजलेली गायिका आणि लू अल्बानो हा पोट सुटलेला, दाढीवाला कुस्ती व्यवस्थापक यांचे एक हास्यकारक भांडण रचण्यात आले. बायकांची जागा कोणती, यावर अल्बानो काहीबाही बरळे आणि लॉपर त्याला हातातल्या पर्सने बडवी. अखेर दोघांनी आपापली मल्ल पुढे केली. लॉपरच्या बाजूने वेंडी रिक्टर आणि अल्बानोच्या बाजूने १९५६ पासून अजिंक्य म्हणवणारी फॅब्युलस मूला. २३ जुलै १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ही कुस्ती झाली आणि एमटीव्ही या संगीतवाहिनीने ती देशभर दाखवली. रिक्टर जिंकली. ज्या न्यूयॉर्कात १९७२ पर्यंत बायकांच्या कुस्तीला बंदी होती, तिथे एक बाई रातोरात घरोघर माहीत झाली. ही विनोदाची कमाई आहे. ती नाकारणे अन्यायाचे होईल.

पण पुढे काय झाले? आपल्यामुळे जमणाऱ्या गर्दीच्या मानाने आपल्याला पैसे मिळत नाहीत, अशी रिक्टरची तक्रार होती. २५ नोव्हेंबर १९८५ रोजी त्याच गार्डनमध्ये 'स्पायडर लेडी' नावाची बुरखाधारी मल्ल तिच्यासमोर आली. बुरख्याआड मूला होती. रिक्टरने खांदा उचलला तरी पंचाने गणती पुरी केली आणि तिला न सांगता तिचे अजिंक्यपद काढून घेतले. ती कंपनी सोडून गेली. मजुरी मागणाऱ्याचे नाव हजेरीपटावरून कसे उडते, हे ज्यांनी गिरणीच्या दारात पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

१९८६ ते १९९० या काळात लास व्हेगास येथे 'ग्लो' नावाचा, केवळ बायकांच्या कुस्तीचा दूरचित्रवाणी कार्यक्रम चालला. त्यात कुस्तीपेक्षा चुटके आणि सोंगे जास्त. बहुतेकजणी नट्या किंवा नर्तिका होत्या. काही सोंगांत परदेशी लोकांची हेटाळणी होती, हा दोष खराच. तरीही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, या सोंगांच्या मेळ्यात लोकांची लाडकी ठरली ती 'माउंटन फिजी', म्हणजे एमिली डोल ही गोळाफेकपटू. तिचे बळ खरे होते. आणि 'सूझी स्पिरिट' हिचा हात रिंगणात निखळला, तेव्हा तोही विनोद नव्हता.

विनोद घातक कधी होतो, याचा दाखला ५ एप्रिल २००९ चा. ह्यूस्टन येथे रेसलमेनियाच्या पंचविसाव्या सोहळ्यात पंचवीसजणींची एकत्र झुंज ठेवली होती. जुन्या नामवंत मल्ल मुद्दाम बोलावल्या होत्या. एकेकीला स्वतंत्र प्रवेशही मिळाला नाही. किताब कोणी पटकावला? सँटिनो मरेला या पुरुष मल्लाने, बाईचा वेष घालून! आपल्या तमाशातली मावशीही पुरुषच असते. ती हसवते, गवळणींची खोडी काढते, पण त्यांचा नाच हिरावून घेत नाही. ह्यूस्टनला मावशीने नाचच पळवला.

फेब्रुवारी २०१५ मध्ये बायकांची एक जोडीची कुस्ती अवघ्या तीस सेकंदांत उरकली, तेव्हा प्रेक्षकच खवळले. त्यांच्या ओरडीनंतर बायकांना वेळ मिळू लागला आणि ७ एप्रिल २०१९ रोजी रेसलमेनियाची शेवटची, मानाची कुस्ती प्रथमच बायकांची झाली. ती जिंकणारी बेकी लिंच स्वतःला 'द मॅन', म्हणजे 'पुरुषसिंह', म्हणवून घेई. यातही विनोद आहेच. मात्र तो तिच्या तोंडचा आणि तिच्या कुस्तीवर उभा आहे.

तेव्हा माझा निवाडा असा. विनोद गर्दी आणतो, म्हणून तो शत्रू नव्हे. तो कोणी रचला, कोणाला हसायला रचला आणि हसून झाल्यावर कुस्तीला वेळ उरला का, हे पाहावे. आणि शेवटी, तिकिटाच्या पैशातून बाईच्या पदरात काय पडले, हे विचारावे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कथानक देत नाही. ते संघटना देते. १९८६ साली जेसी व्हेंचुरा या मल्लाने युनियनची भाषा काढली, पण ती उभी राहिली नाही. या मोठ्या कंपनीचे मल्ल आजही कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार आहेत. २०१७ पासून 'ग्लो'च्या कथेवर तीन हंगाम मालिका निघाली. तिच्यात कुस्तीगिरणींची सोंगे वठवणाऱ्या नट्यांच्या पाठीशी नटांची युनियन होती. खऱ्या कुस्तीगिरणींच्या पाठीशी कोण आहे?