न्यूजग्रुप वाचण्यासाठी कोणता प्रोग्राम घ्यावा?

यूजनेट ही जाहीर चर्चागटांची जुनी व्यवस्था. तिची सुरुवात १९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी केली. यातल्या गटांना न्यूजग्रुप म्हणतात. पूर्वी ते गूगल ग्रुप्सवर वाचता येत. २२ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूजनेटचा नवा मजकूर येत नाही. जुना तेवढा शोधता येतो. म्हणून नव्या चर्चेसाठी न्यूजरीडर, म्हणजे वाचनाचा स्वतंत्र प्रोग्राम हवा.

निवडताना चार गोष्टी पाहाव्यात:

१. युनिकोड: नसल्यास मराठी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात.
२. मांडणी: मूळ पत्राखाली त्याची उत्तरे क्रमाने दिसावीत.
३. गाळणी: नकोसे विषय व लेखक वगळता यावेत.
४. सुरक्षित जोडणी: यासाठी पोर्ट ५६३ असते, ११९ हे साधे.

थंडरबर्ड मोफत असून विंडोज, मॅक व लिनक्सवर चालतो. ईमेलही त्यातच पाहता येते, त्यामुळे घरगुती वापराला तो सोयीचा. लिनक्सवाल्यांना पॅन हा पर्याय आहे. जुना आउटलुक एक्सप्रेस मात्र आता वापरू नये.

खात्याशिवाय पासबुक, तसा सर्व्हरशिवाय न्यूजरीडर. सर्व्हरची नोंदणी वेगळी करावी लागते. इटर्नल सप्टेंबर हा सर्व्हर मजकुराच्या गटांसाठी मोफत आहे.

येथे लिहिलेले जगभरच्या सर्व्हरवर पोहोचते आणि सहसा परत घेता येत नाही. म्हणून पत्रात फोन नंबर, घरचा पत्ता किंवा नेहमीचा ईमेल पत्ता देऊ नये.