फुकटचा भोंगा

सॅन फ्रान्सिस्कोपासून साधारण 45 किलोमीटर आत समुद्रात फॅरलॉन नावाची खडकाळ बेटं आहेत. सोन्याच्या शोधात 1849 पासून जहाजांची रीघ लागली आणि धुक्यातली ही बेटं भलतीच धोक्याची ठरली. म्हणून तिथं दीपगृह बांधायचं ठरलं.

आता गंमत बघा. 1853 मध्ये मनोरा उभा राहिला. मग फ्रान्सहून फ्रेनेल भिंग आलं, आणि ते मनोऱ्यात मावेना! माणसांनी पाठीवर विटा वाहून डोंगरावर बांधलेला मनोरा पाडून पुन्हा बांधावा लागला. दिवा लागला तो 1855 संपता संपता. 'रिक्वायरमेंट नीट घेतली नाही' हे दुखणं आपल्या आयटीवाल्यांचंच नाही तर!

पण दाट धुक्यात दिवा काय कामाचा? 1858 मध्ये 'लुकास' नावाचं जहाज तिथंच धडकलं, लोक बुडाले. तेव्हा मेजर हार्टमन बाश यांनी एक झकास युक्ती काढली. बेटावर एक नैसर्गिक विवर होतं. खाली लाट शिरली की वरच्या भोकातून हवा जोरात बाहेर पडायची. त्यांनी त्या भोकावर विटांचं धुराडं बांधलं आणि त्यावर रेल्वे इंजिनाची शिट्टी बसवली. कोळसा नको, माणूस नको. समुद्रच शिट्टी वाजवणार!

एकच घोळ होता. समुद्र खवळला की शिट्टी कानठळ्या बसवायची. पण वारा पडून दाट धुकं उतरलं की लाटाही मंदावायच्या आणि शिट्टी गप्प. म्हणजे नेमकी गरज असताना बंद. पुढे 1871 च्या सुमारास वादळात ते धुराडं गेलं आणि 1880 च्या आसपास वाफेवरचा सायरन आला. त्याला इंधन हवं, बॉयलरला गोडं पाणी हवं (तेही पावसाचं साठवलेलं) आणि रात्री-बेरात्री जागणारी माणसं हवीत. खर्चिक प्रकरण, पण लाटांच्या मर्जीवर नसलेलं. 1972 मध्ये दीपगृह स्वयंचलित झालं आणि रखवालदार परतले.

मला राहून राहून वाटतं ते त्या धुक्यातल्या खलाशाबद्दल. भोंगाच नसता तर तो बिचारा जपून गेला असता. भोंगा आहे हे माहीत असताना ऐकू काहीच येत नाही, म्हणजे 'खडक अजून लांब आहे' असंच तो समजणार ना?

आपल्या सर्व्हरवर रात्रभर एकही अलर्ट आला नाही की आपणही निवांत झोपतो. उद्या ऑफिसात गेल्यावर आधी एवढंच बघणार आहे, की अलर्ट पाठवणारा प्रोग्राम स्वतः कशाच्या जिवावर चालतो. त्याच सर्व्हरच्या तर नाही?