श्वानाचा शिधा

उरलीसुरली भाकरी दाराबाहेर टाकण्याचा शिरस्ता जोवर अबाधित होता, तोवर कुत्र्याच्या आहाराचा निराळा विचार करण्याचे प्रयोजन आपल्याकडे क्वचितच कोणास वाटले असेल. धन्याचे अन्न पिढ्यान्‌पिढ्या एकच, म्हणून आईचे दूध तुटल्यावर पिलाच्या वाट्यास जे येई तेच त्यास जन्मभर पुरे. कुत्र्याचा शिधा दुकानी विकत मिळू लागला तो लंडनमध्ये, 1860 च्या सुमारास. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन गृहस्थ इमारतींवरील वीजरोधक दांडे विकण्याच्या उद्योगासाठी इंग्लंडात आला असता, बंदरावर खलाशांनी फेकलेली जहाजी बिस्किटे भटकी कुत्री आवडीने खाताना त्याने पाहिली व त्यावरून त्यास हा धंदा सुचला, अशी आख्यायिका आहे. गव्हाचे पीठ, भाज्या, बीट आणि मांसाचा अंश यांची त्याची वडी शिकारी कुत्री बाळगणाऱ्या खानदानी मंडळींत चांगलीच खपली. याच पेढीच्या नोकरीत हिंडून-फिरून अनुभव घेतलेल्या चार्ल्स क्रफ्टने 1891 साली स्वतःच्या नावाचे श्वानप्रदर्शन भरविले, तेव्हा बिस्किटाचा विक्रेता आणि कुत्र्याच्या कुलीनतेचा पुरस्कर्ता एकच व्हावा, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटते.

वस्तुतः मांसावरून भाकरीवर येणे हेच कुत्र्याच्या जातीचे सर्वांत मोठे अन्नांतर होय. उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये दाखविले की, पिष्टान्न पचविणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र त्या कितीतरी अधिक. जे स्थित्यंतर जातीने हजारो वर्षांत पचविले, त्याच्या तोडीचे एखादे आपण दोन महिन्यांच्या पिलाकडून एका रात्रीत करवू पाहतो; दूध पचविणारा रस त्या वयात ओसरू लागलेला, आतड्यातील जीवाणू जुन्याच अन्नाला सरावलेले, मग ढाळ लागल्यास नवल ते काय?

घोरपड्यांच्या जुन्या संस्थानातून, मुधोळहून, आमच्याकडे एक पिलू आले होते. देणाऱ्याने ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरीच चालू ठेवा म्हणून बजावले होते. आम्ही लाडाने त्याला गाईचे दूध आणि पेठेतील बिस्किटे घातली. दुसऱ्याच रात्री पोट सुटले, अंथरलेले पोते तीनदा बदलावे लागले, आणि डॉक्टरांकडून औषधाबरोबर बोलणीही पदरात पडली. पोट ताळ्यावर आल्यावर त्यांच्याच हुकुमाने तीन हिस्से जुने व एक हिस्सा नवे असे प्रमाण धरून दहा दिवस चढविले. अकराव्या दिवशी वाटीत निव्वळ नवे अन्न होते. पिलाने ते हुंगले, थोडे खाल्ले, आणि ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसले. आत तव्यावर भाकरी फुगत होती.