सहा बोटांचा कुत्रा आणि त्याचा बॅकअप

आमच्या टीममधल्या एका मित्राने गेल्या वर्षी सायबेरियन हस्की घेतला. पुण्यात, आणि तेही ऐन मे महिन्यात. आता तो कुत्रा दिवसभर एसीत झोपतो, संध्याकाळी सोफ्याचं फोम बाहेर काढतो आणि रात्री रडल्यासारखा सूर लावतो. मित्राचं म्हणणं, "ट्रेनर लावूनही ऐकत नाही रे, डोकंच फिरलेलं आहे त्याचं." अरे बाबा, त्याच्या शंभर पिढ्या बर्फातून गाडी ओढण्यात गेल्या आणि तू त्याला दोन बेडरूममध्ये बसवलायस. डोकं कुणाचं फिरलंय?

असो. पण त्या निमित्ताने कुत्र्यांच्या जातींबद्दल वाचायला लागलो आणि वाचता वाचता नॉर्वेच्या एका विचित्र कुत्र्यापाशी येऊन अडकलो. गेले दोन शनिवार त्यातच गेले. तर मंडळी, आज लुंडेहुंड.

नॉर्वेजियनमध्ये लुंडे म्हणजे पफिन पक्षी आणि हुंड म्हणजे कुत्रा. पफिन तुम्ही फोटोत पाहिला असेल. काळा कोट, पांढरी छाती, आणि रंगवल्यासारखी लाल-नारिंगी चोच. हा पक्षी आयुष्याचा बराच काळ समुद्रावर काढतो आणि उन्हाळ्यात अंडं घालायला किनाऱ्याच्या कड्यांवर येतो. वर्षाला एकच अंडं, तेही खडकांच्या कपारीत किंवा जमिनीतल्या लांब बिळात. माणसाचा हात तिथे पोचत नाही. पण उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवरच्या लोकांना हा पक्षी हवा असायचा, मांसासाठी आणि पिसांसाठी. म्हणून मग कुत्रा. १५९१ मधल्या लोफोटेनच्या एका वर्णनात बिळातून पक्षी ओढून आणणाऱ्या अशा कुत्र्यांचा उल्लेख आहे, म्हणजे धंदा जुनाच.

या कुत्र्याचं शरीर बघितलं की वाटतं, कुणीतरी रिक्वायरमेंट डॉक्युमेंट समोर ठेवून बनवलाय. वजन जेमतेम सहा-सात किलो. प्रत्येक पायाला किमान सहा बोटं, आणि जास्तीची बोटं नुसती लटकणारी नाहीत. त्यांना हाडं-स्नायू आहेत, निसरड्या दगडावर पकड घेता येते. पुढचे पाय माणसाने हात पसरावेत तसे दोन्ही बाजूंना आडवे पसरतात, म्हणजे उतारावरून घसरताना ब्रेक. मान मागे वळून पाठीला टेकते, त्यामुळे अरुंद बिळात अडकला तर त्याला तिथल्या तिथे मागे वळता येतं. कान दुमडून बंद करता येतात, आत माती-पाणी जाऊ नये म्हणून.

स्वभावाचं म्हणाल तर आनंदी, चपळ, भांडखोर अजिबात नाही, पण परक्या माणसापासून जरा लांबच. हुशार आहे, पण "बस" म्हटल्यावर बसेलच असं नाही. घरात शी-शू कुठे करू नये हे शिकवता शिकवता पाळणाऱ्यांचा जीव मेटाकुटीला येतो. आणि खाऊ लपवून ठेवायची सवय. उशीखाली, सोफ्यामागे, कुठेही. मला यात हट्टीपणापेक्षा जुनी नोकरी दिसते. मेंढपाळाचा कुत्रा सतत मालकाकडे बघत काम करतो. लुंडेहुंड काळोख्या बिळात एकटा शिरायचा. मालक बाहेर, आवाज पोचेल न पोचेल. कुठल्या फटीत जायचं, कुठून परत फिरायचं, सगळे निर्णय त्याचे त्याने घ्यायचे. आणि पक्षी शक्यतो जिवंतच बाहेर आणायचा, म्हणजे जबडा हलका हवा. असा कुत्रा चारशे वर्षांनी तुमच्या दिवाणखान्यात "शेक हँड" का करत नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे.

मग जाळी आली. कड्यावर जाळं लावलं की कुत्र्याशिवायच पफिन सापडायला लागले. शिवाय कुत्र्यांवर कर बसला. पक्षी आणून देत नाही आणि वर कर भरायचा, असा कुत्रा गरीब कोळ्याने का ठेवावा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात बहुतेक ठिकाणांहून गेली. राहिली ती वॅरॉय बेटावरच्या मॉस्टाड नावाच्या एका छोट्या गावात. मागे डोंगर, पुढे समुद्र, धड रस्ता नाही. तिथले लोक जुन्याच पद्धतीने शिकार करत राहिले म्हणून कुत्राही राहिला. थोडक्यात, पूर्ण जातीचा डेटा एकाच मशीनवर.

१९२५ मध्ये सिगुर्ड स्काऊन या गृहस्थांनी या कुत्र्यांवर लेख लिहिला. काही वर्षांनी तो दक्षिण नॉर्वेत हामारजवळ राहणाऱ्या एलेनॉर क्रिस्टी यांच्या वाचनात आला. बाईंनी थेट मॉस्टाडच्या मोनराड मोस्टाड यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि १९३९ मध्ये चार कुत्रे मागवले. तीन माद्या, एक नर. बोटीने, मग रेल्वेने, जवळजवळ अख्खा देश ओलांडून ते आले. बाईंनी त्यांची पैदास सुरू केली. आम्ही ज्याला ऑफसाइट बॅकअप म्हणतो तो हा. फरक एवढाच की आम्ही तो ऑडिटच्या भीतीने घेतो, आणि या बाईंनी तो नुसत्या आवडीपोटी घेतला.

तीन वर्षांतच त्याची गरज पडली. १९४२ मध्ये, नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात असताना, वॅरॉयवर डिस्टेंपरची साथ आली आणि मॉस्टाडचे जवळजवळ सगळे कुत्रे मेले. क्रिस्टीबाईंनी आपल्याकडचे काही कुत्रे परत बेटावर पाठवले. म्हणजे बॅकअपमधून रिस्टोअर! आणि मग १९४४ मध्ये तीच साथ हामारला पोचली. बाईंच्या कुत्र्यांपैकी फक्त एक वाचला. आता उलटं झालं, बेटावर पाठवलेली प्रत हाच बॅकअप ठरला. दोघांनी हळूहळू पुन्हा सुरुवात केली, तर १९६३ च्या सुमाराला तिसरा फटका. या वेळी उरले एकूण सहा कुत्रे. एक वॅरॉयवर, पाच दक्षिणेत. आणि ते पाच एकाच आईचे.

इथे बहुतेक लेख "आणि अशा प्रकारे ही जात वाचली" म्हणून संपतात. आकडे खोटे नाहीत. अत्यंत शिस्तीने पैदास करून २०१० च्या सुमाराला जगभरात अंदाजे १४०० लुंडेहुंड झाले होते. पण मला तिथेच खटकलं. आपल्याकडे सोयरीक जमवताना सगोत्र नको म्हणून आजी डोळ्यांत तेल घालून बघते. इथे तर सगळं जगच एका घरातलं. सहा प्रतींच्या चौदाशे प्रती केल्या तरी मूळ सहामध्ये जे बग होते ते चौदाशेमध्येही असणारच.

आणि आहेतच. या जातीत आतड्यांचा एक आजार इतका आढळतो की त्याला लुंडेहुंड सिंड्रोम असंच नाव पडलंय. आतड्यातून प्रथिनं गळून जातात, खाल्लेलं अंगी लागत नाही, कुत्रा वाळत जातो. प्रत्येकाला होतो असं नाही, पण कुणाला होईल हे सांगणं अवघड. त्यात माद्यांना पिल्लंही कमी होतात. जनुकीय तपासण्या झाल्या तेव्हा विविधता जवळजवळ नसल्यासारखीच निघाली.

असाच प्रसंग आफ्रिकेतल्या बसेंजी या कुत्र्यावरही आला होता. (हा भुंकत नाही, आलाप घेतल्यासारखा आवाज काढतो, आणि मांजरासारखा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो.) युरोप-अमेरिकेतले बसेंजी मोजक्याच पूर्वजांचे, त्यामुळे मूत्रपिंडाचा आजार बोकाळला. तेव्हा काही अमेरिकन हौशी लोक १९८७-८८ मध्ये सरळ तेव्हाच्या झैरेतल्या जंगलात गेले, गावांमधून नवे कुत्रे आणले, आणि १९९० मध्ये अमेरिकन केनल क्लबने त्यांच्यासाठी वंशावळीची बंद वही उघडली. लुंडेहुंडला ही सोय नाही. परत जायचं तर कुठे? मॉस्टाड आता ओस पडलंय.

म्हणून नॉर्वेतल्या लुंडेहुंड क्लबने मागच्या दशकात वेगळाच निर्णय घेतला, दुसऱ्या जातींशी संकर. नॉर्वेजियन बुहुंड, आइसलँडिक शीपडॉग आणि स्वीडनचा नॉरबॉटनस्पिट्स हे त्यासाठी निवडलेले नातेवाईक. लुंडेहुंड हिमयुगाआधीचा कुणी वेगळाच आदिम प्राणी आहे असं वेबवर बऱ्याच ठिकाणी रंगवून लिहिलेलं सापडतं, पण जनुकं बघितली तर तो याच उत्तरेकडच्या कुत्र्यांच्या भावकीतला. संकरित पिल्लांमध्ये विविधता वाढलेली लगेच दिसली. ती पिल्लं पुढे पुन्हा लुंडेहुंडशीच जुळवायची, म्हणजे बोटं, मान, स्वभाव पिढीगणिक परत जवळ येत जातील, अशी योजना.

अर्थातच सगळ्यांना हे पटण्यासारखं नाही. शुद्ध जात म्हणून तीन साथींतून वाचवलेला कुत्रा, आणि आता आपणच त्यात मिसळ करायची? भावना समजते. मी स्वतः दहा वर्षं जुना कोड "चालतोय ना, हात लावू नका" म्हणून जपणाऱ्यांपैकी आहे. पण मॉस्टाडच्या कोळ्यांकडे वंशावळीची वही नव्हती. ज्याला बिळातून पक्षी आणता येतो तो लुंडेहुंड, एवढीच त्यांची व्याख्या असणार. शुद्धतेची वही नंतर आली, १९४३ मध्ये नॉर्वेच्या केनल क्लबने जातीला मान्यता दिली तेव्हा. आणि आज ते काम कुणालाच करायचं नाही. पफिन स्वतःच संकटात आहेत, त्यांच्या शिकारीला बंदी आहे.

मी ठरवलं असतं तर संकरच केला असता, आणि सहापैकी एखादं बोट गेलं तरी चालवून घेतलं असतं. लपवलेला खाऊ सापडला म्हणजे झालं. :)

परवा जेवताना मित्राला एका लुंडेहुंडचा व्हिडिओ दाखवला. मान मागे वळून पाठीला टेकलेली. त्याने दोनदा पाहिला, सहा बोटं मोजली, आणि म्हणाला, "भारी आहे रे. पुण्यात मिळेल का?"